तुझ्या कोशातली पुळण

प्रिय पंडिता,

हे नाव वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. सहा वर्षांचा असताना तू भर माणसांत बाबांची भाषा सुधारलीस, त्या दिवसापासून वस्तीत तू पंडित झालास, त्याला आता माझा इलाज नाही. फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर तू मधेच 'ताई, आधी ऐक तरी' म्हणतोस आणि मी गप्प बसते. या खेपेस मला गप्प बसायचं नाही. म्हणून आज भरदुपारी, होडी अर्धी टाकून, हाताला राळ चिकटलेली असताना लिहायला बसले आहे. अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून वाईट असेल. लाल पेन खिशातच राहू दे. माझ्या थोरलीची मैत्रीण उद्या तुझ्या शहरात येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते, म्हणजे वेळेवर पोचेल.

तुझा कोश पाहिला. तू इतकी वर्षं जमीन खात्याच्या कचेरीत बसून जमिनीचे शब्द गोळा करतोस हे माहीत होतं, पण पुस्तक कधी हातात आलं नव्हतं. सोमवारी आलं. शाळेच्या सभागृहात खात्याने बैठक बोलावली होती. खडकापासून ओढ्याच्या मुखापर्यंतची सगळी पुळण भराव टाकून उंच करायची, समोर दगडी भिंत घालायची आणि वर लोकांना फिरायला फरशीचा रस्ता करायचा, असं ठरतं आहे. बाकं येणार, दिवे येणार. आम्ही सव्वीस होड्यांची माणसं लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. मी उठून विचारलं, मग आमच्या होड्या वर कुठे ओढायच्या, दुरुस्त कुठे करायच्या? मोजणीसाहेब काही वाईट माणूस नाही, त्याचाच जास्त राग येतो. अगदी नम्रपणे म्हणाला, बाई, नोंदीप्रमाणे ती जागा वापरातच नाही. आणि पुढ्यातलं निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक उघडून वाचायला लागला. पुळण, स्त्रीलिंगी. समुद्र, खाडी यांच्या काठची वाळूची रिकामी जमीन. कोणत्याही वापरास निरुपयोगी. शाळेत मला एक कविता धड पाठ झाली नाही, हे वाक्य एकदा ऐकलं आणि पाठ झालं. मग त्याने पुस्तक माझ्या हातात दिलं. आत संपादकांची यादी होती, त्यात तिसरं नाव तुझं.

निरुपयोगी म्हणे. अरे, होडीच्या तळाला हात घालायला आमच्याकडे काय आहे? क्रेन नाही, लोखंडी सांगाडा नाही. वाळू आहे. भरतीला होडी वर घ्यायची, ओहोटीला ती बसली की एका कुशीखालची वाळू फावड्याने काढत जायची, म्हणजे ती हळूहळू कलंडते. मग लाकडी टेकू द्यायचे आणि खाली आडवं पडून फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, वर राळ आणि तेल. एक कूस झाली की वाळू परत भरायची आणि दुसऱ्या बाजूची काढायची. सगळं झालं की भरती येते आणि होडी आपणहून उचलून नेते. बाबा म्हणायचे, आपला गडी दिवसातून दोनदा कामावर येतो आणि कधी जेवायला मागत नाही. आता त्या फरशीत मला फावडं मारून दाखव. भिंतीच्या पायाशी होडी आणली तर दुसऱ्या लाटेला तिच्या ठिकऱ्या होतील. तू हे सगळं पाहिलं आहेस. कलंडलेल्या होडीच्या सावलीत बसून तू अख्खी दहावी केलीस. मी खाली पडून कापूस ठासत होते आणि तू मला इतिहासाच्या सनावळ्या मोठ्याने म्हणून दाखवत होतास. अजून कापूस ठासताना मधेच एखादी लढाई आठवते आणि माझं मलाच हसू येतं.

बैठकीत साहेबाने मोठा नकाशाही भिंतीवर लावला होता. आमच्या पुळणीच्या जागी कोरा पट्टा. मोजणी कधी केली विचारलं तर म्हणाला, सर्वांत मोठ्या उधाणाच्या दिवसांत, कारण पाणी जास्तीत जास्त कुठवर चढतं ती रेघ तेव्हाच मिळते. मागची मोजणी? तीही तेव्हाच. त्याच्या आधीची? तीही. मी कपाळावर हात मारून घेतला. पंडिता, त्या दिवसांत पुळणीवर काय असतं? काहीच नसतं, कारण आपणच काही ठेवत नाही. मोठं उधाण यायच्या आधी होड्या ओढ्यात न्यायच्या, ओंडके, टेकू, दोर, जाळ्यांचे खांब, सगळं उचलून वरच्या शेडमध्ये टाकायचं. खुंटीसुद्धा राहू द्यायची नाही. राहिली तर समुद्र ती उपसून शेजारच्याच्या होडीत घुसवतो, म्हणून ज्याची खुंटी राहिली त्याला सगळे शिव्या घालतात. तीन आठवडे वाळू झाडल्यासारखी स्वच्छ. नेमक्या त्याच तीन आठवड्यांत खात्याची माणसं येतात, मोजतात आणि रिकामी लिहून जातात. अकरा महिने इथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा कुणी फिरकत नाही.

आणि रिकामी तरी कुठली? साहेबाने ज्या जागी आपली तिपाई रोवून दुर्बीण लावली होती, त्याच्या खाली दीड हातावर माझ्या नऊ फळ्या होत्या. आताही आहेत. नवीन लाकूड ओल्या वाळूत वर्षभर पुरायचं, खारं पाणी पिऊ द्यायचं, म्हणजे नंतर ते तडकत नाही, हे तू विसरला असशील तर सांगते. वरच्या मोठ्या दगडापासून प्रत्येक घराची पावलं ठरलेली आहेत. आपली एकेचाळीस. बाबांची एकेचाळीस होती, माझे पाय लहान म्हणून मी सेहेचाळीस टाकते. आजवर कुणी कुणाची फळी उकरली नाही. साहेब तिपाई लावत होता तेव्हा मी शेडच्या दारात उभी राहून बघत होते. त्याने हाक मारून विचारलं, बाई, इथे काही आहे का? मी म्हटलं, काही नाही. बघ आमची अक्कल.

पण ती माझ्या एकटीची अक्कल नाही. बाबांनी आपल्याला काय शिकवलं होतं? परक्याने विचारलं, जागा कुणाची, तर म्हणायचं कुणाचीच नाही. विचारलं, इथे काय आहे, तर म्हणायचं काही नाही. एकाने 'माझी' म्हटलं की दुसऱ्याला म्हणावंच लागतं, मग कुंपणं येतात, आणि कुंपण आलं की होडी आडवी ओढता येत नाही. एवढं साधं शहाणपण होतं ते. सव्वीस घरांत पुळणीवरून कधी भांडण झालं नाही, ते याच्यामुळे. मान्य आहे, भांडण टळलं. आणि आता 'काही नाही' हे आमचंच उत्तर आमच्या तोंडावर मारलं जातं आहे. काही नाही ना? मग आम्ही घेतो. मला सोमवारी रात्री जेवण गेलं नाही, इतका संताप झाला. साहेबाचा झाला, बाबांचा झाला, सगळ्यांत जास्त तुझा झाला.

तुझा अशासाठी, की साहेब परका आहे, तू नाहीस. तुला शब्दाचा अर्थ हवा होता ना? मग तो शब्द आपल्या घरात कसा वापरत होते ते आठवून बघायचं होतंस. आपण 'किनाऱ्यावर चाललो' असं कधी म्हटलं? किनारा बघायला येणाऱ्यांचा. काठ म्हटलं की पाय सोडून बसायची जागा. आपण पुळणीवर जायचो, म्हणजे कामाला जायचो. कुणी दारात येऊन बाबा कुठे विचारलं की आई आतूनच ओरडायची, पुळणीवर. म्हणजे कामावर, संध्याकाळी या. होडी दुरुस्तीला घेतली की ती पुळणीला लागली. बाबांची छाती दुखायला लागली तेव्हा आई डॉक्टरांना काय म्हणाली ते विसरलास? ह्यांना आता चार महिने पुळणीला लावा म्हणाली. डॉक्टर बघतच राहिले, तूच त्यांना समजावून सांगितलंस की विश्रांती आणि डागडुजी दोन्ही त्या शब्दात येतं. तू सांगितलंस, पंडिता, तुझ्या तोंडाने. मग पुस्तकात लिहिताना ते तोंड कुठे गेलं होतं? आठ तासांच्या रेल्वेच्या वाटेवर तुझं घर आहे. एकदा येऊन बघावंसं वाटलं नाही? उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले, पण शेळ्या आपल्याच घरच्या आहेत हे माहीत असून हाकणारा तू पहिलाच.

आता पुढचं. साहेबाने वाचताना एक ओळ मागे ठेवली होती. लोकांचा गलका वाढला, कुणीतरी ओरडलं की पुस्तकवाल्यांना काय कळतं, तेव्हा त्याने शांतपणे तीही वाचली. आधार: प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या स्थानिक व्यक्तीची तोंडी माहिती. म्हणजे हे आपल्यातल्याच कुणीतरी सांगितलं. आणि मग एकेक करून सगळ्यांच्या माना जाळीवाल्या काकांकडे वळल्या.

काका आता ऐंशीच्या पुढे गेले. पुळणीच्या तोंडाशी स्टुलावर बसून जाळी विणतात आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा मारतात, हा त्यांचा गुन्हा. कॅमेरा घेऊन आलेल्याला थांबवून गाठ कशी मारायची ते दाखवतात. तर त्यांनीच बोलण्याच्या भरात काहीतरी बरळलं असणार, असं वस्तीने ठरवून टाकलं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली म्हणतात तसं झालं. काका म्हणाले, मी कुठल्या पुस्तकवाल्याशी बोललो नाही. मंगळवारी चार घरांनी आपली जाळी त्यांच्याकडून अर्धवट विणलेली परत नेली. बुधवारी त्यांचं स्टूल शेडच्या बाहेर उताणं पडलेलं होतं. त्यांनी ते उचललं, फडक्याने पुसलं आणि घरी घेऊन गेले. ज्यांनी तुला पुस्तकं न्यायला जाळीची पिशवी विणून दिली होती, तेच रे हे काका. तू ती कॉलेजातही वापरायचास आणि पोरं हसायची म्हणून मला पत्रात कळवायचास.

मी हे सगळं बघितलं आणि तोंड उघडलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, स्टूल उताणं पडलेलं बघूनही नाही. आणि तू, जो हे वाचतो आहेस, मी का गप्प राहिले ते तुला एव्हाना कळलं असेल, कारण ती स्थानिक व्यक्ती कोण हे जगात दोघांनाच ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तेच उधाणाचे मोकळे दिवस होते, हाताला काम नव्हतं. बाबांना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं आणि वर्षभरात तू एकदाही आला नव्हतास. फोन वाजला, तुझं नाव दिसलं, मला वाटलं कधी येतोस ते सांगणार. तू कशी आहेस विचारलं नाहीस. म्हणालास, ताई, पुळण म्हणजे तुमच्याकडे नेमकं काय धरतात? तुमच्याकडे. आपल्याकडेसुद्धा नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, काय धरणार, रिकामी वाळू, कुणाच्या काही कामाची नाही. असती तर तू सोडून गेला असतास का? आणि फोन ठेवून दिला. शेवटचं वाक्य तू लिहून घेतलं नाहीस. पहिलं तेवढं घेतलंस, साफसूफ केलंस आणि खाली आधार लावून छापलंस. तुला खरंच कळलं नाही, की बहीण रागावली आहे? की कळलं, आणि ते वाक्य तुला सोयीचं वाटलं? रिकाम्या जागेकडे परत यायची कुणाला गरज नसते, असं तर तुझ्या मनात नव्हतं ना? मला खरंच माहीत नाही, म्हणून विचारते आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला दोष द्यायचा? पण दोष आहे, आणि तो निम्मा तुझा आहे. मी रागात खोटं बोलले. तू थंड डोक्याने ते खरं म्हणून छापलंस. माझ्या रागाचं वय एका फोनाइतकं होतं, तू त्याला निळा पुठ्ठा घातलास.

मला वाटलं होतं, हे पत्र तुला दुरुस्ती करायला सांगण्यासाठी लिहीन. पुढच्या आवृत्तीत नीट लिही, वगैरे. लिही, जरूर लिही. होड्या वर घेण्याची, उताणी-पालथी करण्याची, लाकूड पुरण्याची, जाळी वाळवण्याची, माणसाने कामाला जाण्याची काठची वाळू, असं लिही, आणि वर्षातले तीन आठवडे ती मोकळी का असते तेही लिही. पण तुझी पुढची आवृत्ती निघेपर्यंत भिंत उभी राहिलेली असेल.

सुनावणी येत्या बुधवारी सकाळी अकराला आहे, त्याच शाळेत. मी लेखी अर्ज दिला आहे की मला बोलायचं आहे. मी उभी राहून सांगणार आहे, की पुस्तकातली ती तोंडी माहिती माझी होती, ती खोटी होती, आणि मी ती रागाच्या भरात भावाला फोनवर दिली. कुठला भाऊ विचारतील, तेव्हा त्या यादीतल्या तिसऱ्या नावावर मला बोट ठेवावं लागेल. मग तुझ्या खात्यात हेही निघेल, की तू जागा पाहायला आला नाहीस आणि आधार म्हणून स्वतःच्या बहिणीला वापरलंस. तुझं काय होईल ते मला माहीत नाही. वर्तमानपत्रातून किंवा साहेबाच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे; तुझी परवानगी मागायला नाही. सकाळी काकांच्या घरी जाऊन त्यांना आधी सांगून आले. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, मी चार दिवस गप्प राहिले तेही सांगितलं. मला वाटलं होतं हाकलून देतील, दिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, की पंडिताची नोकरी तर जाणार नाही ना? बुधवारी मी त्यांना माझ्या शेजारी पहिल्या बाकावर बसवणार आहे. त्यांच्या पलीकडची जागा मोकळी ठेवते, आलास तर तिथे बस.

तुझीच, पण बुधवारी तुझ्या बाजूने न बोलणारी,
ताई